कानातली टिटवी

एके काळी एका रानात एकच ओढा उरला होता, तोही गाळाने भरलेला. गाळातून खडकाची अरुंद वाट प्रवाहाच्या उलट, वर स्वच्छ पाण्याकडे जाई. त्या वाटेने फक्त भीमाप्पा हत्ती जाई आणि सोंडेने पाणी आणून काठावरच्या प्रत्येकाला देई. दुसऱ्या कुणाला तो आत पाऊल टाकू देत नसे.

गढूळ पाण्याखालचा खडक त्याला दिसत नसे. म्हणून कानात टिटवी बसे आणि वाट सांगे. जुनी टिटवी मेली, तेव्हा मोठ्या नदीवरची एक आली. भीमाप्पाने तिला कान दिला.

"मामा, आम्हाला काठावर अडवता आणि तिची साधी चौकशीही नाही?" ससा म्हणाला.

"चौकशी करत बसलो, तर तुम्हाला पाणी कधी मिळणार?"

वळणावर टिटवी म्हणाली, "उजवीकडे." भीमाप्पाने उजवीकडे पाय टाकला आणि तो पोटापर्यंत रुतला.

"अगं, इथे तर गाळ आहे."

"आमच्या नदीवर पाणी वाहतं तिकडे तोंड करून उजवं-डावं सांगतात," टिटवी म्हणाली. "तुम्ही चालता तिकडे तोंड करून सांगता, हे मला कुणी सांगितलं?"

भीमाप्पाने पाय उपसायला जोर लावला. टिटवी उडून गेली.

गाळ छातीला लागला. काठावर हरणं, रानडुकरं, ससा ओळीत उभे होते. ओळ मोडायची नाही, हे त्यानेच शिकवलं होतं.

"मामा, आमचं पाणी?" ससा विचारत राहिला.

भीमाप्पाने सोंड उचलली. ती रिकामी होती.