भैरू बुवांचं प्रदर्शन मांडतो

कृष्णाकाठच्या एका गावात भैरू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? एकदा काकू म्हणाल्या, "भैरू, पाहुणे आलेत, चहा टाक." भैरूनं टाकला. अंगणात.

काकू म्हणजे अंतूबुवांची बायको. अंतूबुवा सतार वाजवायचे आणि भैरू त्यांची सतार खांद्यावरून मैफिलीला न्यायचा. पुढे बुवांची बोटं आखडली. सतार खुंटीला लागली, बोलावणी बंद झाली. बुवा उगी बसणारे नव्हते. त्यांनी ब्रश धरला. फळ्यांवर रंग दिले, वर तुटक्या तारा, फुटक्या भोपळ्याच्या कपच्या, जुनी घुंगरं असलं काय काय चिकटवलं. बघता बघता खोली भरली. मग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रदर्शन भरवायचं ठरलं.

गावात लोक हसले. "सतारवाल्यानं रंग कशाला कालवावेत?" बुवांना ते लागलं. ते भैरूला म्हणाले, "भैरू, हे नीट पार पडलं पाहिजे. मी सांगेन तसं करायचं."

"व्हय बुवा," भैरू म्हणाला.

आदल्या दिवशी दोघं चित्रं मांडायला लागले. एका चित्रावर सतारीच्या तारा सैल सोडलेल्या होत्या, खाली लोंबत होत्या. भैरूनं जन्मात सैल तार बघितली नव्हती. त्यानं बुवांची पाठ वळताच तारा मागून पिळून पिळून ताणल्या. फळी धनुष्यासारखी वाकली आणि कडकन मोडली.

"अरे, ती काय सतार आहे?" बुवा ओरडले. "सैल दिसलं तर सैल राहू द्यायचं!"

"व्हय बुवा. ध्यानात ठिवतो."

आणि ठेवलं. पुढचं चित्र टांगायचा खिळा सैल होता. भैरूला तो दिसला. भैरूनं तो सैल राहू दिला. सकाळी सरपंच उद्घाटनाला आले, फीत कापली, टाळ्या वाजल्या आणि त्या टाळ्यांनी चित्र खाली आलं. खाली पेढ्यांचं ताट होतं.

बुवांनी कपाळाला हात लावला. भैरूला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "बाबा रे, जमिनीवर काही पडलेलं दिसलं की उचलायचं आणि भिंतीला घट्ट टांगायचं. समजलं?"

"व्हय बुवा. ध्यानात ठिवतो."

भैरू दाराशी गेला. दाराशी जमिनीवर काय काय पडलं होतं! कोल्हापुरी, रबरी, टाचेची, अंगठा तुटलेली. भैरूनं एकूण एक चप्पल उचलली आणि आतल्या रिकाम्या भिंतीला घट्ट टांगली. मापानुसार लावली. तेवढं त्याला कळत होतं.

लोक त्या भिंतीपुढे सगळ्यात जास्त वेळ थांबले. शाळेचे चित्रकलेचे शिक्षक गोखंडे मास्तर मागे सरले, पुढे सरले, डोळे बारीक करून म्हणाले, "यात माणसाचा सगळा प्रवास आलाय." शेजारचे डॉक्टर म्हणाले, "मला तर ही अंगठा तुटलेली फार आवडली. घरीच नेतो."

"अहो, ती माझी आहे," मास्तर म्हणाले.

मग कुठं उलगडा झाला. सगळ्यांनी भिंतीवरून चपला काढून पायात घातल्या. बुवांचा चेहरा पडला. पण डॉक्टर भला माणूस. हसून म्हणाले, "बुवा, चप्पल राहू दे. ते घुंगरांचं चित्र मला द्या."

बुवांची कळी खुलली. पहिल्यांदाच कुणीतरी चित्र मागितलं होतं. त्यांनी भैरूच्या हातात विकलेल्या चित्रांना लावायच्या लाल टिकल्यांचं पाकीट दिलं. "हे बघ. ज्याच्या त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. कुणी म्हणालं, 'मला आवडलं, मी घरी नेणार', तरच त्याला टिकली लावायची. मग घोंगडीत गुंडाळायचं, दोरी बांधायची आणि त्यांच्या घरी पोचवायचं."

"व्हय बुवा. ध्यानात ठिवतो."

भैरूनं टिकली लावली, चित्र गुंडाळलं, हातगाडीवर ठेवून निघाला. रस्त्यात खड्डा आला. घुंगरं वाजली. भैरू जागीच उभा राहिला. मैफिलीत वाजायला लागलं की जागचं हलायचं नाही, हे बुवांनीच त्याला शिकवलं होतं. घुंगरं थांबली, भैरू निघाला. पुन्हा छुम. पुन्हा भैरू उभा. मागे एसटी अडकली, तिच्यामागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे वाजंत्री घेऊन आलेली वरात. वाजंत्री काही थांबेना, म्हणून भैरूही हलेना.

बुवा धावत खाली आले. "अरे, वाजलं तर वाजू दे! कितीही वाजलं तरी तू थांबू नकोस. दार येईपर्यंत थांबायचंच नाही!"

"व्हय बुवा. ध्यानात ठिवतो."

त्यानंतर दिवस छान गेला. एकेका चित्राला टिकली लागली. हसणारेच आता चित्रांपुढे उभे राहून एकमेकांना समजावून सांगत होते. भैरू खूश होता. पण आत कुठंतरी त्याला टोचत होतं. चित्रांना सगळे विचारत होते. बुवांना बोलवायला मात्र आता कुणी येत नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरली. बुवा दमून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. बुवांची दुपारची झोप अशी, की कानाशी ढोल बडवला तरी मोडायची नाही.

तेवढ्यात सरनोबत बाई आल्या. बुवांच्या जुन्या मैफिली ऐकलेल्या. सगळी चित्रं बघून त्या काकूंना म्हणाल्या, "चित्रं सुरेख आहेत हो. पण खरं सांगू? मला आवडतात ते आमचे बुवाच. एक दिवस त्यांना मी घरी नेणार म्हणजे नेणार!"

"न्या की," काकू हसून म्हणाल्या आणि बाईंना पोचवायला खाली गेल्या.

भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं. अखेर बुवांनाही कुणीतरी विचारलं होतं! त्यानं सगळ्यांत मोठी टिकली निवडली. बुवांच्या टकलावर ती झकास बसली.

मग त्यानं बुवांना घोंगडीत गुंडाळलं. श्वासापुरती फट ठेवली, चित्रालाही तो ठेवायचा. दोरी बांधली, बुवांना खांद्यावर घेतलं, मागच्या जिन्यानं उतरला आणि हातगाडीवर अलगद आडवं केलं.

खड्डा आला आणि घोंगडी वाजली.

"अरे! कोण आहे? सोड! भैरू!"

भैरू थांबला नाही.

चावडीपाशी पानवाल्यानं विचारलं, "काय रं भैरू, काय नेतोस?"

"बुवांच्या प्रदर्शनातलं हाय. सरनोबत बाईंनी पसंत केलंय."

"आतनं शिव्या देतंय की!"

"वाजतंय," भैरू म्हणाला. "वाजू दे."

बाई नुकत्याच घरी पोचल्या होत्या. त्यांनी दार उघडलं. भैरूनं ते लांबलचक बोचकं दिवाणखान्यात नेऊन भिंतीला टेकवून उभं केलं आणि घाम पुसला.

"अरे, हे काय आणलंस? मी तर काहीच मागितलं नाही," बाई म्हणाल्या.

"मागितलं की. काकूंनी व्हय म्हटलं, म्हणून आणलं."

बोचक्यातून आवाज आला, "भैरू! गाढवा!"

बाई किंचाळून मागे सरल्या.

"भिऊ नका बाई," भैरू समजावून म्हणाला. "नवीन जागा हाय, चार दिवस वाजंल. लईच वाजलं, तर तोंड भिंतीकडं करून ठिवा."