गिरकीच्या शंखाला भोक पडलं

डोंगराखाली एक झरा होता. झऱ्याकाठी गिरकी गोगलगाय राहायची.
एकदा वरून खडा पडला. टक्क! गिरकीच्या शंखाला भोक पडलं. आत गार वारा शिरला. गिरकी कुडकुडली.
"चुना खाईन, मग भोक बुजेल," ती म्हणाली.
चुना होता दगडातल्या डबक्यात. पण पाण्यात विरघळलेला. दिसतच नव्हता.
गिरकी निघाली. सरक सरक, सरक सरक.

"चुन्या, चुन्या, कण हो. माझं भोक बुजेना."
"नाही होणार. पाण्यात बुडबुडे लपलेत. ते मला जमू देत नाहीत. बुडबुडे जातील, तेव्हा होईन."

"बुडबुड्यांनो, वर जा. चुना कण होईना, माझं भोक बुजेना."
"नाही जाणार. पाणी गार आहे. ऊन येईल, तेव्हा जाऊ."
सरक सरक, सरक सरक.

"उन्हा, उन्हा, डबक्यात ये. बुडबुडे जाईनात, चुना कण होईना, माझं भोक बुजेना."
"नाही येणार. फणसाची फांदी आडवी आहे. फांदी वर होईल, तेव्हा येईन."

"फांदी, फांदी, वर हो. ऊन येईना, बुडबुडे जाईनात, चुना कण होईना, माझं भोक बुजेना."
"नाही होणार. माझा पाला जड आहे. शेळी पाला खाईल, तेव्हा होईन."
सरक सरक, सरक सरक.

"शेळी, शेळी, पाला खा. फांदी वर होईना, ऊन येईना, बुडबुडे जाईनात, चुना कण होईना, माझं भोक बुजेना."
"नाही खाणार. मी खुंट्याला बांधलेली. सगुणामावशी सोडील, तेव्हा खाईन."

सगुणामावशी दारात भाजी निवडत होती.
"मावशी, मावशी, शेळी सोड. शेळी पाला खाईना, फांदी वर होईना, ऊन येईना, बुडबुडे जाईनात, चुना कण होईना, माझं भोक बुजेना."
मावशीने भाजी खाली ठेवली.
"एवढीशी तू, आणि एवढं चालत आलीस? थांब हं, बाळा."

मावशीने शेळी सोडली. शेळीने पाला खाल्ला, कुरुम कुरुम. फांदी वर झाली, सुर्रकन. ऊन डबक्यात आलं. पाणी कोमट झालं. बुडबुडे गेले, बुडुक बुडुक.
मग इवलासा चुना इवल्याशा चुन्याला चिकटला. त्याला आणखी एक चिकटला. आणखी एक. दगडावर दिसला पांढरा कण.
गिरकीने तो खाल्ला. खर्र खर्र. रोज एक कण, रोज एक कण. भोक बुजलं.

गिरकी म्हणाली, "चुन्या, बरं झालं तू होतास. बुडबुड्यांनो, उन्हा, फांदी, शेळी, तुम्ही सगळे होतात म्हणून."
मग ती मावशीकडे निघाली. सरक सरक, सरक सरक. पोचायला तिला दोन दिवस लागले.
"आता काय हवं, गिरकी?" मावशीने विचारलं.
"काही नको, मावशी. तुला सांगायला आले. आता गार वारा लागत नाही."
मावशी हसली. तिने गिरकीला काकडीची साल दिली. दोघी उंबऱ्याशी बसल्या, बराच वेळ.