तोंड पाण्याकडं, पाऊल देवाकडं

“ठकूच्या नखाची सर नाही हिला.”

हे वाक्य सुंद्राच्या सासूनं सुंद्राच्या नवऱ्याला ऐकवलं होतं, सुंद्राला नव्हे. पण देवळाच्या बाजूच्या भिंतीला खिडकी होती, खिडकीबाहेर बेलाचं झाड होतं, आणि झाडाखाली सुंद्रा परडीत पानं खुडत बसली होती. नवरा, म्हणजे दाजीबा गुरव, यावर काय बोलतो म्हणून तिनं हात थांबवला. दाजीबा म्हणाला, “हूं.” लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. तेवढ्यात त्यानं बायकोसाठी आईशी भांडावं असं तिचं म्हणणं नव्हतं. पण हुंकार तरी जरा नाखुशीचा असावा. हा चांगला ऐसपैस होता.

फार मागची गोष्ट आहे ही. घाटाला रस्ता फुटला नव्हता आणि बेलखोरी गावात शाळा आली नव्हती, तेव्हाची. डोंगराच्या सोंडेवर महादेवाचं देऊळ मात्र तेव्हाही होतं. देवळाच्या दारातून दगडी पायऱ्यांची एक ओळ निघते आणि सरळ खाली बारवेच्या तळाला जाऊन पोचते. मधोमध, गावातली वाट जिथं येऊन मिळते तिथं, एक मोठी चौकोनी शिळा आहे. शिळेवरून वर चढलं की देव, खाली उतरलं की पाणी. गावात दुसरी पाटी नव्हती, म्हणून ठकूबाईनं या पायऱ्यांचीच पाटी केली.

ठकूबाई ही दाजीबाची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला तशी माहेरी परतली. सगळं गाव तिला ठकूआत्या म्हणायचं. आकडे तिला कुणी शिकवले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बारवेनंच शिकवले, असं म्हणतात.

तिची रीत अशी. शिळा म्हणजे शून्य. शिळेवरच्या पायऱ्या अधिकच्या, शिळेखालच्या उण्याच्या. अधिकचा आकडा आला की तोंड देवाकडं करायचं, उण्याचा आला की पाण्याकडं. मिळवायचं असेल तर तोंड असेल तिकडं चालायचं, वजा करायचं असेल तर पाठमोरं. बस्स, एवढंच. अधिक तीन आणि उणे पाच मिळवायला सांगितले की पोरगं शिळेवरून तीन पायऱ्या चढायचं, पाण्याकडं वळून पाच उतरायचं, आणि शिळेखालच्या दुसऱ्या पायरीवरून ओरडून सांगायचं, “उणे दोन.” गुरं राखणारी पोरंसुद्धा हे खेळता खेळता शिकली.

खरी गंमत पुढंच होती. उणे आकडा वजा करायचा म्हटला की तोंड पाण्याकडं ठेवायचं आणि पाठमोरं चालायचं. मग नजर खाली पाण्यात आणि पावलं मात्र आपोआप वर वर चढत जायची. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा येसाजी पाटलाचा नातू वर येऊन खाली बसला आणि पायरी हातानं चाचपून बघायला लागला, म्हणे. उणं काढून घेतलं की माणूस वर येतो, हे म्हाताऱ्या माणसांनाही खरं वाटेना. तीही काठ्या टेकत बघायला आली. तेव्हापासून पोरांच्या तोंडी एकच ओळ बसली: तोंड पाण्याकडं, पाऊल देवाकडं.

ठकूआत्याचे डोळे बांधून तिला कुठल्याही पायरीवर उभं केलं, तरी तळव्याला लागणाऱ्या गारव्यावरून ती शून्य किती लांब ते सांगायची, असं म्हणतात. ती खालच्या पायरीवर बसली की पाण्यातले मासे ओळ धरून उभे राहायचे, असंही म्हणतात. मासे सुंद्रानं पाहिले नव्हते. पण तिची चिडचिड व्हायला तेवढे पुरेसे होते.

कारण सुंद्राच्या वाट्याला काहीच उरलेलं नव्हतं. पोरं रानातून बोरं आणायची ती ठकूआत्याला. दाजीबा बाजाराहून आला की पहिली हकीकत ताईला. भाकरी तर दोघीही थापायच्या, पण फुगायची ती ठकूबाईची. बरं, बाई खवचट असती तरी चाललं असतं. ती दुधावरची साय वाटीत काढून सुंद्रासाठी झाकून ठेवायची. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार कष्टाचं काम. कुठं बोट घालावं तर भोकच सापडत नाही.

भोक सापडावं म्हणून सुंद्रा रोज बेलाच्या आडून शिकवणी ऐकू लागली. ठकूबाई कधीतरी चुकेल, उण्याचं अधिक करून बसेल, आणि ते आपण घरात सहज जाता जाता सांगू, एवढीच तिची इच्छा. मत्सराचे कान तिखट असतात. पोरांना जे चार वेळा सांगावं लागे ते तिला एकदाच पुरे. कुठलं पोर कुठल्या पायरीवर घसरतं, कुणाला उजवं-डावं कळत नाही, कुणाचा हात धरावा लागतो, सगळं तिला पाठ झालं. ठकूबाई काही चुकली नाही. बेलाची पानं मात्र त्या वर्षी महादेवाला गरजेपेक्षा फार जास्त मिळाली.

त्या वर्षी पाऊस रुसला. बारवेचं पाणी उन्हाळ्यात शिळेखालच्या सहाव्या पायरीला टेकायचं, हे गावाला ठाऊक होतं. यंदा ते तिथं थांबलं नाही. महिन्याला तीन पायऱ्या या चालीनं आणखी दोन महिने खाली गेलं. उणे तीन दुणे उणे सहा, असं ठकूबाईनं पोरांकडून म्हणवून घेतलं. आधीचे उणे सहा त्यात मिळवले की उणे बारा. बायका घागरी हातोहात वर द्यायला ओळ धरून उभ्या राहू लागल्या, तेव्हा तिनं त्याचाही धडा केला. उणे बारा, बायका चार, भागून एकीच्या वाट्याला उणे तीन. बायका हसल्या. म्हणाल्या, आत्या, आमच्या कंबरेला हे आधीच येत होतं.

पण धुण्याच्या दगडावर शेजारची शेवंता एक दिवस पाण्याबद्दल कुरकुरत होती, आणि सुंद्रा, जिचा आवाज गावात अजून कुणी नीट ऐकलाही नव्हता, पदर पिळता पिळता हळूच म्हणाली, “रोज खालचे आकडे घोकले तर पाणी तरी वर कसं राहील?”

म्हटलं तर थट्टा होती. पण थट्टेला पाय फुटले. शेवंतानं ती सुताराच्या घरी सांगितली तेव्हा तो संशय झाला, सुताराकडून पाटलाच्या वाड्यात गेली तेव्हा अनुभव झाला, आणि आठवड्यानं सुंद्राच्या कानावर परत आली तेव्हा ते जुनं शास्त्र झालं होतं. पोरं उतरतात त्यांच्या मागोमाग पाणी उतरतं. आपलंच वाक्य परक्या तोंडून ऐकल्यावर सुंद्रालाही ते क्षणभर पटलं. रात्री जेवताना सासू लेकीकडं न बघता म्हणाली, काही दिवस शिकवणं बंद ठेव. घरात पहिल्यांदा कुणीतरी ठकूबाईला काहीतरी बंद कर म्हणालं होतं. सुंद्रानं त्या दिवशी भाकरी अर्धी जास्त खाल्ली.

शेवटी पाटलानं एका सकाळी गावाला देवळासमोर बोलावलं. लोक वरच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसले, पोरांना एका बाजूला उभं केलं. ठकूबाईला विचारलं, बाई, तुझं म्हणणं काय.

“मोजल्यानं पाणी खाली जात नाही, पाटील,” ती म्हणाली. “मोजल्यानं ते कुठं आहे एवढंच कळतं.”

“मला कळतंय, ठकूताई. गावाला कळत नाही,” पाटील म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त पाटील होता.

मागून एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला, उतरवता येतं तर चढवूनही दाखव म्हणावं. लोक हसले. ठकूबाई हसली नाही. ती म्हणाली, चढवायचा हिशेब आहे. बाराव्या पायरीवर पोरांना उभं करायचं, तोंड पाण्याकडं. तीन पायऱ्या पाठमोऱ्या, मग आणखी तीन पाठमोऱ्या. उणे तीन, तेही उणे दोनदा, म्हणजे अधिक सहा. उणे बारातून उणे सहा गेले की पोरं उणे सहावर येतात, दर उन्हाळ्यात पाणी असतं त्या पायरीवर. पाणी ऐकेल की नाही ते मला सांगता येत नाही. हिशेब ऐकेल.

गाव तयार झालं, पण एका अटीवर. ठकूबाईचं पाऊल त्या पायऱ्यांना लागता कामा नये. तिच्या पावलानंच तर पाणी गेलं होतं ना. पोरांना दुसऱ्या कुणीतरी चढवावं. आता त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर बारकी पोरं पाठमोरी चढवायची, तर प्रत्येक पोर आणि प्रत्येक पायरी ओळखणारं माणूस हवं. पाटलानं दाजीबाला विचारलं. दाजीबा म्हणाला, मला नाही जमायचं. त्याला देवळातली घंटा आणि संबळ सोडून काही येत नव्हतं. पाटील म्हणाला, सूर्य कळसावर येईपर्यंत वाट बघू. कुणी उभं राहिलं नाही तर ठकूताईनं घाटापलीकडं चुलत्याच्या गावी जावं. ठकूबाईनं गाठोडं बांधून आणलेलंच होतं. तिला गाव चांगलं ठाऊक होतं.

सुंद्रा सासूच्या मागं बसली होती. काम अगदी सोपं होतं. काहीच करायचं नाही, गप्प बसायचं. आणि गप्प बसण्यात तिच्याइतकं पारंगत गावात दुसरं कुणी नव्हतं. सूर्य कळसावर आला की घर तिचं, चूल तिची, बोरं तिची, दाजीबाच्या हकीकतीही तिच्या. तिनं ते सगळं मनात नीट मांडून पाहिलं. मग तिला त्या मांडणीत सासू दिसली. सासू भाकरीकडं बघत होती आणि म्हणत होती, आमची ठकू असती तर. उद्याही म्हणणार होती, दहा वर्षांनीही म्हणणार होती. समोरच्या माणसाची भाकरी कधीतरी करपते. गेलेल्या माणसाची कधी करपत नाही. आणि साईची वाटी झाकून ठेवायला घरात कुणी नसणार, हेही त्याच मांडणीत होतं. ते तिला नको होतं, पण दिसलं.

तेवढ्यात ठकूबाईनं पोरांकडं पाहिलं. एक बारकं पोर उजवा पाय पुढं टाकून बघत होतं, आणि तिनं नुसती भुवई उचलून त्याला पाय बदलायला लावला. गाठोडं काखेत असताना. असली बाई जगात असणं सुंद्राला मुळीच सहन होत नव्हतं. ती उठली, सासूला ओलांडून माणसांतून वाट काढत खाली उतरली आणि शिळेवर जाऊन उभी राहिली.

पुढं काय झालं ते बेलखोरीतलं शेंबडं पोरही सांगेल. सुंद्रानं पोरांना तळाशी नेलं, तोंडं पाण्याकडं करवली, आणि तीन तीन करून दोन वेळा पाठमोरी चढवली. एकही पोर घसरलं नाही. पोरं जशी पाठमोरी चढत होती तसं पाणी त्यांच्या पावलांकडं बघत एकेक पायरी वर आलं, असं म्हणतात. काही जण म्हणतात, तळाशी झऱ्याच्या तोंडावर गाळ बसला होता, तो एवढ्या टाचांनी घासून निघाला. आणि सुंद्रा, म्हातारी झाल्यावर कुणी विचारलं तर, म्हणायची की पाण्याकडं बघायला तिला सवडच नव्हती, ती पोरांचे पाय बघत होती. पण संध्याकाळी पाणी सहाव्या पायरीला होतं, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

त्यानंतर ठकूबाईनं आणखी किती तरी वर्षं शिकवलं, शेजारी सुंद्राला बसवून. दोघींचं फार गूळपीठ होतं असं नाही. सुंद्रा तिच्या चुका शोधायची आणि ठकूबाई तिला शोधू द्यायची. फार म्हातारी झाल्यावर एका सकाळी ठकूआत्या एकटीच शिळेवर आली, पाण्याकडं तोंड करून पाठमोरी चढत गेली, देवळाच्या दारात पोचली आणि मग कुणाला दिसली नाही. शेवटपर्यंत तिचं तोंड गावाकडं होतं, असं म्हणतात.

आज गावात शाळा आहे, शाळेत फळा आहे. तरी सहावीचं ते प्रकरण आलं की गुरुजी पोरांना घेऊन बारवेवर जातात. अक्षय्य तृतीयेला, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा, सगळं गाव ठकूआत्याची चढण चढतं, आणि पुढं असते त्या वर्षीची नवी सून. चढायच्या आधी तिनं शिळेवर उभं राहून आपण कुणावर जळतो ते सासरच्या माणसांदेखत मोठ्यानं सांगायचं असतं. कुणी जावेचं नाव घेते, कुणी नणंदेचं. मागच्या साली एकीनं नवऱ्याच्या मोबाइलचं घेतलं. सांगून झालं की माणसं हसतात आणि मग सून वर चढते.

पण सुंद्रा शिळेवर उभी राहिली त्या सकाळी अशी काही रीत नव्हती. नुसती शिळा होती, वर कळसाकडं सरकणारा सूर्य होता, आणि एक मुलगी होती, जिचा आवाज कुणाला माहीत नव्हता. सुंद्रानं आधी सासूकडं पाहिलं, मग दाजीबाकडं, मग पाटलाकडं. डोक्यावरचा पदर सरकला तो तिनं सावरला नाही.

“पाण्याचं ते बोलणं माझं होतं,” ती म्हणाली. “जळून बोलले मी. वन्सं चुकतील म्हणून झाडाआडून सगळं शिकले, आणि त्या एकदाही चुकल्या नाहीत. आता त्यांनाच घालवलंत, तर मी जळू कुणावर?”