लार्कडाउनच्या वाटेवरची लोकर

इंग्लंडच्या दक्षिणेला खडूच्या टेकड्या आहेत. खडू म्हणजे आपल्या शाळेतला, फळ्यावरचा तोच. पण तिथे तो जमिनीखाली मैलोन् मैल पसरलेला आहे. नांगर जरा खोल गेला की शेत पांढरे होते, आणि पावसात फिरून आलेला माणूस गुडघ्यापर्यंत पिठात बुडवून काढल्यासारखा दिसतो. अशा दोन टेकड्यांच्या बेचक्यात विदरकोम नावाचे लहानसे गाव आहे आणि त्याच्या डोक्यावर बीच आणि हेझलच्या झाडांचे तिरपे रान. रानातून एक वाट वर जाते. तिच्या दोन्ही कडांना खडूचे धोंडे मांडलेले आहेत.

धोंड्यांचे कोणाला नवल वाटत नाही. नवल आहे ते काट्यांचे. वरच्या माळावर मेंढ्यांचे कळप चरतात, तिथल्या प्रत्येक कुंपणाला लोकरीचे पुंजके लोंबत असतात. पण या रानातल्या एकाही काटेरी झुडपावर लोकर राहू देत नाहीत. दिसलीच तर जाणारा-येणारा ती ओढून काढतो, मुठीत धरतो आणि रानाच्या खालच्या टोकाला असलेल्या फाटकापर्यंत मूठ उघडत नाही.

पाहुण्यांना हे रान दाखवायला आयडा पेनफोल्ड येते. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, बोलणे तुटक. एका वसंतात आपल्याकडची काही मंडळी तिथे गेली होती, त्यांनी अर्ध्या तासात तिची आयडाआजी करून टाकली. ती हसली नाही, पण आजी झाली. त्यांच्यातल्या प्रमिला कुलथे रानातल्या प्रत्येक निळ्या फुलाचा फोटो काढत सारख्या मागे राहत होत्या. आजी दर वळणावर थांबून त्यांची वाट पाहत होती. लोकरीचे कारण विचारल्यावर मात्र ती एका पडलेल्या खोडावर बसली आणि सगळे गोळा झाल्याशिवाय तिने तोंड उघडले नाही.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा टेकडीच्या माथ्यावर लार्कडाउन नावाची मेंढपाळांची वस्ती होती. वस्तीतून विदरकोमला यायला दोन वाटा: एक उघड्या माळावरून, दुसरी या रानातून. रान फसवे. सगळी झाडे एकसारखी, वाट पाचोळ्याखाली गडप होणारी, आणि मध्यावर खडू काढून काढून झालेली खोल खाण, तिच्या काठावर काटेरी वेलींचे जाळे. धुके तर तिथे पाहुण्यासारखे येते आणि जावयासारखे राहते. म्हणून वाटेच्या कडेने पांढरे धोंडे मांडलेले असत. धोंडा दिसला की पाऊल टाकायचे, नाही दिसला की थांबायचे, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

विदरकोममध्ये मार्जरी नावाची विधवा होती. काट्यांना अडकलेली लोकर वेचायची, धुवायची, सूत काढायचे, त्यावर तिचे पोट. रानातले एकही झुडूप तिच्या हातून सुटत नसे. तिची एकुलती एक मुलगी ॲनिस लार्कडाउनच्या एका मेंढपाळाला दिलेली होती. ॲनिसला मुलगी झाली आणि त्याच महिन्यात वरच्या वस्तीत साथ शिरली.

खालचे गाव घाबरले. आपल्याकडे पटकीच्या दिवसांत वेस बंद करीत, तसेच तेही. माळावरच्या रस्त्यावर पहारे बसले. रानात पहारा कोण करणार? तेव्हा चर्चचा कारभारी ह्यू याने तोड काढली. वाटेवरचे धोंडे उचलून पुरून टाकायचे. स्वच्छ उन्हात माळ ओलांडून रानाकडे येणारा माणूस पहारेकऱ्यांना दिसतोच, आणि धुक्यात आला तर त्याला वाट सापडू नये. साथ हटेपर्यंत वाटेवर धोंडा ठेवणार नाही, अशी शपथ सगळ्यांनी घेतली. मार्जरीनेही घेतली. तीही घाबरलेली होती, आणि सगळ्यांचे हात वर असताना एकटीचा खाली ठेवायला जे काळीज लागते ते त्या दिवशी तिच्यापाशी नव्हते. तिने धोंडेही उचलले, म्हणे.

काही दिवसांनी ॲनिस माळाच्या कडेला येऊन उभी राहिली. पोर छातीशी बांधलेली. खाली शेतात मार्जरी, मध्ये पहारेकरी. ॲनिसने ओरडून सांगितले की नवरा गेला, शेजारचे गेले, आपण आणि पोर अजून धडधाकट आहोत. मार्जरीला ये म्हणता येईना आणि नको म्हणवेना. ती एवढेच म्हणाली, "लोकर बघ ॲनिस. लोकर पांढरी असते."

पहारेकऱ्यांना वाटले, म्हातारीचे डोके फिरले. लेकीला समजले.

त्याच संध्याकाळी मार्जरी रानात गेली. धोंडा न ठेवण्याची शपथ होती, लोकरीची नव्हती. पायाखालच्या सवयीने वाट धरून ती वरपर्यंत चढली आणि येताना फांदीफांदीला धुतलेल्या लोकरीची गाठ मारत खाली आली. आता फक्त धुके पडायचे होते.

पण एरवी न बोलावता येणारे धुके त्या वेळी काही केल्या येईना. मधल्या दिवसांत वरचे उरलेसुरले मेंढपाळही गेले. कळपाला धनी राहिला नाही. मेंढ्या वाट फुटेल तशा रानात उतरल्या, खाणीच्या काठावरचे कोवळे गवत खात हिंडल्या, आणि जिथे जिथे काटा होता तिथे तिथे आपली लोकर ठेवून गेल्या. कोणाला संशय नको म्हणून मार्जरी त्या दिवसांत रानाकडे फिरकली नव्हती, तिच्या हे ध्यानातच आले नाही. आपण रोज जे वेचतो ते न वेचल्यास साचते, हे वेचणाऱ्यालाच सुचत नाही. तिच्या डोळ्यांपुढचे रान नेहमीसारखे स्वच्छ होते.

मग एका सकाळी धुके पडले. मार्जरी खालच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिला पोरीचे रडणे ऐकू आले आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण रडणे समोरून येत नव्हते. ते डावीकडून, खाणीच्या अंगाने येत होते. हाक मारावी तर पहारेकरी हाकेच्या अंतरावर. तिने ओठ दाबून धरले. आता वळेल, आता वळेल, असे म्हणत राहिली. कोणी म्हणतात तिने शेवटी हाक मारली, कोणी म्हणतात मारलीच नाही. आजी म्हणाली, "मारली असेल. पण खाणीत धोंडे घरंगळल्याचा आवाज आधी आला."

ॲनिस खाणीच्या तळाशी सापडली. ती गेली होती. पोर छातीशी तशीच बांधलेली, खडूने पांढरी झालेली, जिवंत. ॲनिसची एक मूठ घट्ट मिटलेली होती. मार्जरीने बोटे सोडवली तेव्हा आत लोकर निघाली. वरवरची मळकी, काट्यांत गुंतून गाठी झालेली, मेंढ्यांची. आणि तिच्याखाली धुतलेली, गाठी मारलेली, आईची. वरून येताना ॲनिस एकेक गाठ सोडून घेत आली होती. आईने लेकीला वाट दाखवली हे गावाला कळू नये म्हणून. अर्ध्या वाटेत आईची लोकर कुठे सुटली आणि मेंढ्यांची कुठे सुरू झाली, हे तिला धुक्यात कसे कळावे?

मार्जरी पोर घेऊन आली ती उघड्या रस्त्याने, पहाऱ्यासमोरून. ह्यूला म्हणाली, "वाट मी दाखवली. ही माझ्यापाशी राहील. गावात नको असेल तर आम्ही दोघी रानात राहू."

गावाने त्यांना रानातच ठेवले. साथ यायची ती विदरकोममध्ये आलीच. दुसऱ्या अंगाने, एका फेरीवाल्याच्या गाडीतून आली, म्हणे. रोगाला पांढरे धोंडे लागत नाहीत. खुद्द ह्यूच्या घरातही ती शिरली. तोवर मार्जरीने पुरलेले धोंडे हातांनी उकरून पुन्हा मांडायला घेतले होते. शपथेची आठवण तिला कोणी दिली नाही. पुढे एकेक जण येऊन धोंडे उचलू लागला, पण लोकर मात्र ती मरेपर्यंत एकटीच वेचत होती. ती गेल्यावर नातीने वेचली, मग साऱ्या गावाने.

आजी उठली. गोष्ट ऐकताना कोणाच्या लक्षात आले नव्हते, पण रानात धुके उतरले होते. उतरताना वाटेत एका काट्यावर दिसलेला पुंजका तिने ओढून मुठीत धरला. मंडळी धोंडा बघून पाऊल टाकत खाली आली. फाटकाशी आजीने माणसे मोजली आणि विचारले, "फोटोवाली कुठे आहे?"

प्रमिलाबाई नव्हत्या. आजीने काठी फाटकाला टेकवली आणि त्या वाळक्या अंगातून निघेल असे कोणाला वाटले नसते एवढ्या मोठ्याने हाक मारली. मग पुन्हा मारली. पलीकडच्या घराचे दार उघडून एक अनोळखी माणूस बाहेर आला आणि काही न विचारता तोही हाका मारू लागला. विदरकोममध्ये आजही असेच आहे. धुक्यात फाटकाशी कोणी गप्प उभे राहत नाही.

वरून बारीकशी ओ आली. समोरूनच आली. ती ऐकल्यावर आजीने मूठ उघडली.