लेकीचा आवाज

दाट जंगलात, ऐनाच्या एका झाडावर एक म्हातारा सुतार पक्षी एकटाच राहत असे. त्याची मुलगी ओढ्यापलीकडे नांदत होती. त्याची चोच आता बोथट झाली होती. सालीखालून एक अळी काढायला तो सकाळभर खपे आणि तेवढ्यावरच दिवस काढी. त्याच झाडाच्या शेंड्यावर एक कोतवाल येऊन बसू लागला. मुलांनो, कोतवाल हा काळा, लांब शेपटीचा पक्षी. त्याला कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो.

एकदा अळी चोचीत येते न येते तोच वरून मुलीचा आवाज आला, "बाबा, ससाणा आलाय. असेल ते टाका आणि ढोलीत शिरा. कोणी हाक मारली तरी बोलू नका." म्हातारा अळी टाकून आत शिरला. शेजारच्या खारीने विचारले, "आजोबा, भर दुपारी आत का बसलात?" तो बोलला नाही. संध्याकाळी तो बाहेर आला, तेव्हा अळी नव्हती आणि कोतवाल शेंड्यावर चोच पुसत होता.

मुलगी भेटायला आली, तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. ती चिडली. "पोटच्या मुलीचा आवाज ओळखू येत नाही तुम्हाला, बाबा?" खार म्हणाली, "आजोबा, उद्या तो ढोली मागेल, तीही देऊन टाका." दोघी हसल्या. म्हाताराही थोडासा हसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज आला. म्हाताऱ्याला शंका आली. खार समोरच्या फांदीवर फळ कुरतडत होती. "खरंच ससाणा आहे का गं?" एवढेच तिला विचारायचे होते. पण ती पुन्हा हसेल, म्हणून त्याने विचारले नाही. अळी टाकून तो आत गेला. मग हे रोजचेच झाले. खारीने चौकशी केली, की तो म्हणे, "जेवण झालंय माझं."

बऱ्याच दिवसांनी मुलगी अळ्या घेऊन आली. त्या ढोलीच्या तोंडाशी ठेवून तिने हाक मारली, "बाबा, बाहेर या. मी आलेय."

आतून क्षीण आवाज आला, "आता माझ्याकडे काही उरलं नाही. तू दुसरं झाड बघ."

ती हाका मारत राहिली, तसतसा तो आणखी आत सरकत गेला. शेवटी ती आत शिरली, तेव्हा त्याची हालचाल थांबली होती.

तात्पर्य : वडीलधारे माणूस फसले तर त्याला हसू नये. पुढच्या वेळी ते आपल्याला काही विचारत नाही, आणि फसवणाऱ्याला तेवढेच हवे असते.