आधी पाडून दाखवा

आमच्या शेजारची केतकी घरी बसून नोकरी करते. दूरवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर कंपनीचा सगळा पसारा मांडायचा, तोही काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून. त्याला क्लाउड म्हणतात, हे मी तिच्याकडूनच काढून घेतलं.

परवा मी सांडगी मिरच्या द्यायला गेले, तर व्हिडिओ कॉलवर तिचे निमकर साहेब कंपनीच्या मालकीणबाईंना सांगत होते, "मॅडम, चाचणीची ही अख्खी यंत्रणा मी एकट्यानं उभारली. तीन आठवडे राबलो!" बढती कोणाला द्यायची, ते त्यावरच ठरणार होतं.

केतकी म्हणाली, "मॅडम, ती मी उभारलीय."

"पुरावा काय?" साहेब हसले.

मी दारातच थबकले. आता कोण निघतंय!

"सर, तुम्ही उभारलीत ना? मग आत्ता पुसून टाका आणि पुन्हा उभी करा."

"वेड लागलंय? तीन आठवड्यांची मेहनत आहे!"

"मग मी पुसू, मॅडम?"

मालकीणबाईंनी मान डोलावली. केतकीनं एक ओळ टाइप केली आणि सगळं गेलं. साहेब पांढरेफटक! मग तिनं दुसरी ओळ टाइप केली. मी आत जाऊन चहा टाकला, तो उकळेपर्यंत यंत्रणा जशीच्या तशी उभी!

"हे कसं केलंस?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काय कुठे लावायचं, ते सगळं फायलीत लिहून ठेवलंय, मॅडम. हुकूम दिला की कॉम्प्युटर ते वाचून सगळं आपोआप उभं करतो. ज्याला बांधता येतं, तो पाडायला भीत नाही."

"निमकर, आता तुम्ही करून दाखवा."

नेमकं तेव्हाच साहेबांचं नेट गेलं, आणि बढती केतकीला मिळाली.