सुताराचा तुरा

झाडांना अजून वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. खोड ठोकून आतली कीड ओळखणाऱ्या सुतार पक्ष्याला थोरला साग लाल तुरा द्यायचा. तो तुरा पाहून पाखरं त्याच्या शब्दावर घर थाटत.

अशाच शब्दावर धनेशाने बेहड्याची ढोली निवडली. रीतीप्रमाणे धनेशीण अंड्यांवर आत बसली आणि चोचीपुरती फट ठेवून दोघांनी ढोलीचं तोंड लिंपून टाकलं. पुढे वाऱ्याच्या एका झोतात तो किडका बेहडा मोडून पडला. धनेशीण अंड्यांसकट आतच मेली.

धनेश दाद मागायला सागापुढे उभा राहिला, तेव्हा सुतार म्हणाला, "सागबाबा, चूक कुणाच्या हातून होत नाही?"

"चुकीसाठी तुरा जात नाही, बाळा. तू ठोकून पाहिलं होतंस?"

"पाहिलं की! बुंध्यापासून शेंड्यापर्यंत."

"शेंड्यापर्यंत म्हणे!" फांदीवर बसलेला राघू पुटपुटला.

"मग चोचीच्या खुणा दाखव," साग म्हणाला.

सारं रान आडव्या बेहड्याभोवती जमलं. सालीवर एकही खूण नव्हती. सर्वांच्या डोळ्यांदेखत तुऱ्याचा लाल रंग विझत गेला आणि राखेसारखा करडा झाला. हे पाहून बरं वाटेल, असं धनेशाला वाटलं होतं. त्याने मान खाली घातली.

सकाळी त्याला जाग आली ती टकटकीने. रानातला प्रत्येक सुतार ठोकत होता, थांबत होता, खोडाला कान लावून ऐकत होता. समोरच्या ढोलीच्या तोंडाशी एक तरुण धनेशीण, तिथल्या सुताराचं ऐकून होईपर्यंत, बाहेरच थांबली होती.